‘माझ्या मुलाला चांडाळ योग आहे, म्हणतात’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ३१ वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावी सासूबाई, नवरा आणि अडीच वर्षांच्या मुलासह राहतात. मुलाचा जन्म ऑगस्ट २०२३चा, निज श्रावणातला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचा. सासरे निवृत्त मुख्याध्यापक होते. नातवाच्या बारशानंतर नवव्या दिवशी ते हृदयविकाराने गेले. पुढे सासूबाईंनी बाळाची पत्रिका काढून घेतली. ज्योतिषांनी सांगितलं की पंचमात, म्हणजे कुंडलीतल्या पाचव्या घरात, गुरू आणि राहू एकत्र आहेत, हा गुरुचांडाळ योग, त्यात जन्मापासूनच राहूची महादशा, म्हणजे राहूच्या अमलाचा काळ. मुलगा गुरुजनांचा मान ठेवणार नाही, शिक्षणात खंड पडेल, घरातल्या वडीलधाऱ्यांना जड जाईल. उपाय म्हणून शांती, खर्च २१ हजार, शिवाय मुलाच्या गळ्यात पुष्कराज. सासूबाईंना शांती हवीच आहे. नवरा म्हणतो, थोतांड आहे, एक रुपया मिळणार नाही. मध्यंतरी मुलाने बालवाडीत एका मुलाला चावा घेतला आणि बाईंच्या अंगावर पाटी फेकली. ‘त्या रात्री झोपलेल्या लेकराकडे बघताना पहिल्यांदा मनात आलं, खरंच असेल का? तेव्हापासून मला माझीच भीती वाटते,’ असं त्या लिहितात. शांती करावी का, भिशीच्या पैशांतून नवऱ्याला न सांगता करावी का, आणि ती पत्रिका फाडून टाकावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी शांतीचा प्रश्न मागे पडला आणि ती रात्र पुढे आली. आई आपल्या झोपलेल्या मुलाकडे बघते आणि तिला क्षणभर मुलाऐवजी कुणीतरी सांगितलेला शब्द दिसतो. तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत. हे मनात ठेवून मूल वाढवत राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. माझे वडील पत्रिका करायचे. पाटावर पंचांग, शेजारी टोक केलेली पेन्सिल, आणि बाळाची जन्मवेळ सांगायला आलेली माणसं ओसरीवर. त्यांच्याकडूनच मी गणित शिकले, काही वर्षं पत्रिकाही केल्या. लहान मुलाची पत्रिका असेल तर बाबा कुंडली मांडायचे, नक्षत्र, चरण, जन्मवेळ लिहायचे आणि कागद गुंडाळून द्यायचे. फलित नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, बारा वर्षांचा होऊ दे, मग या. बारा वर्षांच्या आतल्या मुलाचं भविष्य वर्तवू नये, हा जुन्या ज्योतिषांतला संकेत त्यांनी शेवटपर्यंत पाळला. तुमच्याकडे तो पाळला गेला नाही, आणि तुमच्या त्रासाची सुरुवात मला तिथेच दिसते.

आता ती युती. तुम्हाला एकच वाक्य ऐकवलं गेलं आहे, म्हणून मी त्याच शास्त्राच्या नियमांनी ती पत्रिका पुन्हा मांडून बघितली.

आपल्याकडे दोन ग्रह एका राशीत आले की युती धरतात. रास तीस अंशांची. म्हणजे एक ग्रह दुसऱ्या अंशावर आणि दुसरा अठ्ठाविसाव्यावर असला तरी कुंडलीच्या चौकोनात ते एकाच घरात लिहिले जातात, जणू मांडीला मांडी लावून बसलेत. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत तर योगाचं नाव आपोआप छापून येतं. दोघे एका घरात आहेत एवढंच तिथे तपासलेलं असतं, त्यांच्यात अंतर किती हे बऱ्याचदा बघितलेलंच नसतं. गुरू २२ एप्रिल २०२३ला मेषेत आला. राहू तिथे आधीपासून होता आणि तो ३० ऑक्टोबरला मीनेत गेला. दोघे खरोखर एकमेकांजवळ आले ते मे महिन्याच्या अखेरीस. तुमचा मुलगा झाला तेव्हा गुरू साधारण एकविसाव्या अंशावर होता, भरणी नक्षत्रात, आणि राहू चौथ्या अंशाच्या आसपास, अश्विनीत. मधे सतरा अंश. नक्षत्रं वेगळी. नवमांशातही, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडतात त्या कुंडलीतही, दोघे वेगळे, गुरू तुळेत आणि राहू वृषभेत. जो ज्योतिषी अंश बघतो, तो हिला ढिली युती म्हणेल.

पुढे बघा. मुलाचं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, धनू. धनूचा स्वामी गुरू, म्हणजे ज्या गुरूला ‘बिघडलेला’ म्हणून दाखवलं तो या मुलाचा लग्नेश आहे. तो पंचमात, त्रिकोणात, म्हणजे शुभ मानलेल्या घरात बसला आहे आणि नवव्या दृष्टीने, म्हणजे स्वतःपासून मोजलेल्या नवव्या घरावर पडणाऱ्या दृष्टीने, आपल्याच लग्नाकडे बघतो आहे. त्याची पाचवी दृष्टी सिंहेवर, नवम स्थानावर आहे, आणि तिथे रवी स्वराशीत आहे. नवम हे भाग्याचं स्थान, तसंच गुरुजनांचंही. गुरुजनांचा अवमान करील असं ज्या पत्रिकेवरून सांगितलं, तिच्यात गुरुजनांच्या स्थानी स्वराशीचा रवी आणि वर गुरूची दृष्टी, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मेषेचा स्वामी मंगळ कन्येत, दशमात आहे आणि दशमात मंगळाला दिग्बळ, म्हणजे स्थानाचं बळ, असतं. हो, कुंभेतल्या शनीची तिसरी दृष्टी मेषेवर पडते, ती चांगली मानत नाहीत. तीही सांगते, कारण निवडून फक्त गोड तेवढं सांगणं हीसुद्धा फसवणूकच.

आणि महादशा. जन्म स्वाती नक्षत्रावर, म्हणून सुरुवात राहूची, हे बरोबर आहे. पण स्वातीवर जन्मलेल्या प्रत्येकाची सुरुवात राहूनेच होते, त्यात तुमच्या मुलाचं वेगळं असं काही नाही. जन्मवेळेवरून ही दशा त्याच्या अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत जाते. त्यानंतर गुरूची महादशा, सोळा वर्षं. माध्यमिक शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं लग्नेशाच्या दशेत. त्याच शास्त्राने, त्याच कागदावरून ‘विद्येला उत्तम’ असंही म्हणता आलं असतं, आणि तेवढ्याच ठामपणे.

आता यातलं काही ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल, तर तिथेच थोडं थांबूया. कारण मी तुम्हाला वाईट भविष्याच्या जागी चांगलं भविष्य विकायला बसलेली नाही. एकाच कुंडलीतून दोन उलट गोष्टी इतक्या सहज निघतात, हे मला पत्रिका करतानाच खटकायला लागलं होतं. मग २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळांवरून दोनशे पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच ज्योतिषांनी ओळखायचं होतं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मुलाची बुद्धी आणि शिक्षण, नेमक्या ज्या गोष्टीची भीती तुम्हाला घातली गेली आहे, त्याच गोष्टीची ही परीक्षा होती. ते आकडे वाचल्यानंतर मी कुणाच्याही मुलाचं फलित सांगितलेलं नाही.

राहू हा तर आकाशात दिसणारा गोळाही नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो, त्या दोन बिंदूंपैकी तो एक. या बिंदूंच्या आसपास अमावास्या-पौर्णिमा आली की ग्रहण लागतं, म्हणून त्याला गिळणारा म्हटलं गेलं. गुरूला राशिचक्राच्या फेरीला बारा वर्षं लागतात, राहूला साडेअठरा, तोही उलटा फिरणारा. त्यामुळे दर सात वर्षांनी कुठल्या तरी राशीत ते दोघे भेटतातच आणि काही महिने एकत्र असतात. २०२३मधल्या त्या सहा महिन्यांत आपल्या देशात कोटीभराहून अधिक बाळं जन्मली. त्याआधीची गाठ २०१६ची, सिंहेतली, फेब्रुवारी ते जुलै. ती मुलं आता चौथी-पाचवीत आहेत. तुमच्या गावातल्या शाळेत जा आणि पाचवीच्या बाईंना विचारा, फेब्रुवारी ते जुलैतली मुलं उद्धट आणि ऑगस्टनंतरची सालस, असं काही आहे का? अगदी मनापासून सांगते, जाऊन विचाराच. सासूबाईंनाही बरोबर न्या. सासऱ्यांची शाळा असेल तर त्यांना तिथे बरंही वाटेल.

त्या शब्दाबद्दलही बोलायला हवं. चांडाळ हे कुठल्याही ग्रहाचं नाव नाही. गावाबाहेर ठेवलेल्या, सावलीही नको म्हणून हिणवलेल्या माणसांना दिलेलं ते नाव आहे. गुरू उच्च, पवित्र, त्याला ‘हलक्याचा’ विटाळ झाला म्हणून तो बिघडला, अशी ती कल्पना आहे. म्हणजे ज्या विटाळाविरुद्ध चोखोबा आयुष्यभर अभंग म्हणत राहिले, तोच आपण पाळण्यातल्या पोराच्या कपाळावर लिहितो. आदि शंकराचार्यांची एक कथा परंपरेत सांगतात. काशीत गंगेच्या वाटेवर समोर चांडाळ आला, आचार्य म्हणाले, बाजूला हो. त्याने विचारलं, कोणाला बाजूला करता, देहाला की आतल्या आत्म्याला? त्यावर आचार्य जे म्हणाले ते मनीषापंचकात आहे: ज्याला हे उमगलं तो चांडाळ असो की द्विज, तो माझा गुरू. गुरू आणि चांडाळ हे दोन शब्द एकत्र आले, ते असेही आले आहेत. तुमच्या सासूबाई भाविक आहेत, त्यांना ही कथा सांगा. माझ्या आकडेवारीपेक्षा ती त्यांच्या मनाला लवकर लागेल.

मला खरी काळजी सासूबाईंची वाटते. तुमच्या पत्रात त्या शांतीचा हट्ट धरून बसलेल्या दिसतात, पण तारखा बघा. घरात नातू आला, बारसं झालं, आणि नवव्या दिवशी त्यांचा नवरा गेला. घुगऱ्या वाटलेल्या घरात तीनेक आठवड्यांत दहावा-तेरावा. त्यांना रडायला जागाच मिळाली नसणार, कारण घरात बाळंतीण होती. मग कुणीतरी त्यांना कारण दिलं. मास्तर माणूस, म्हणजे गुरू, आणि राहूने गुरूला ग्रासलं. नवमाचं नवम म्हणजे पंचम, ते वडिलांच्या वडिलांचं स्थान, असा हिशोबही त्यात बसतो. कारण नसलेल्या मरणापेक्षा कारण असलेलं मरण माणसाला सोसवतं. पण देशात रोज साठ हजारांच्या आसपास बाळं जन्मतात. त्या दुपारी धनू लग्नाच्या दोन तासांतच पाचेक हजार जन्मली असतील, पंचमात हेच गुरू-राहू घेऊन. तेवढ्या घरांतले आजोबा त्या तीनेक आठवड्यांत गेले नाहीत. आणि तुम्हीच लिहिलं आहे की सासऱ्यांचं बायपास बाळाच्या जन्माआधी सहा वर्षं झालं होतं. त्यांचं दुखणं त्यांच्या हृदयाचं होतं. ते या लेकराच्या जन्मवेळेत शोधू नका, कुणाला शोधू देऊ नका.

म्हणून पहिलं काम शांतीचं नाहीच. एखाद्या दुपारी मुलगा झोपला की सासूबाईंजवळ बसा आणि विचारा, ‘आई, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?’ उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. ‘आता माझी पाळी’, किंवा ‘माझ्या मुलाला काही झालं तर’, असं काहीतरी येईल. ते एकदा तोंडावाटे बाहेर पडलं की एकवीस हजारांच्या शांतीची गरज निम्मी उतरलेली असेल. तुमच्या यजमानांनाही हे सांगा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण वडील गेलेल्या घरात, आईच्या तोंडावर ‘थोतांड’ हा शब्द फेकायचा नसतो. त्यांनी आईला वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करून आणली, तर तो शब्द वापरायची वेळच येणार नाही.

शांती करावी का? माझं मत विचाराल तर एकवीस हजार खर्चू नयेत. पण त्यावरून घर फोडूही नये. सासूबाईंच्या मनाला काही धार्मिक हवंच असेल, तर घरच्या गुरुजींना बोलावून साधी पूजा करा, मुलगा मांडीवर बसेल तेवढा वेळ. संकल्पात मुलाच्या दोषाचा उच्चार नको, आयुरारोग्य म्हणा. कर्ज काढून नको, एकानंतर दुसरी, मग तिसरी, असं नको. आणि पूजा झाल्यावर ‘आता दोष गेला’ असंही कुणी म्हणू नये, कारण दोष नव्हताच. नवऱ्याला चोरून मात्र काहीच करू नका. भिशीचे पैसे तुमचे आहेत, ते कुठे घालायचे हा तुमचा अधिकार आहे, पण चोरून केलेल्या शांतीने तुमच्या मनात त्या योगाला कायमची जागा मिळेल. पुढे मुलगा परीक्षेत मागे पडला, की ती रात्र परत येईल, आणि तेव्हा बोलायला जवळ कुणी नसेल.

पुष्कराज तर अजिबात नको. अडीच वर्षांच्या मुलाच्या गळ्यात साखळी किंवा दोरा झोपेत आवळू शकतो, खडा निखळून घशात जाऊ शकतो. या बाबतीत माझं मत बाजूला ठेवा, कुठल्याही बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि चावा. या वयाची पुष्कळ मुलं चावतात, ढकलतात, हातातलं फेकतात. मनात बरंच काही असतं, ते सांगायला शब्द नसतात. तुम्ही लिहिता की तो अजून ‘पाणी’, ‘दे’, ‘बा’ असे सुटे शब्दच बोलतो. ताई, हे मला पत्रिकेतल्या कुठल्याही ग्रहापेक्षा महत्त्वाचं वाटलं. दोन वर्षांपर्यंत मूल दोन शब्द जोडायला लागतं, ‘आई ये’, ‘पाणी दे’ असं. तो जोडत नसेल तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि कान तपासून घ्या. कदाचित काहीच निघणार नाही, काही मुलं उशिरा बोलतात. पण ऐकू कमी येत असेल तर ते लवकर कळणं फार मोलाचं असतं. भिशीचे पैसे लागलेच तर इथे लागू देत. बालवाडीच्या बाईंशीही बोला. तो केव्हा चावतो, खेळणं हिसकावल्यावर, भूक लागल्यावर, की गोंगाटात? आठवडाभर दोघींनी मिळून हे एका वहीत लिहा.

घरात एक गोष्ट आजपासून बंद करा: मुलाच्या देखत त्या योगाचं नाव. आत्याशी फोनवर बोलतानाही नको, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढेही नको. अडीच वर्षांच्या मुलाला अर्थ कळत नाही, पण आपलं नाव घेतलं की आजीचा आवाज बदलतो, हे त्याला कळतं. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की शब्दही कळतो, आणि ‘मी मुळातच असा’ हे एकदा त्याच्या मनात बसलं की उद्धटपणाला त्याच्याकडे कारण तयार असतं. ज्यांच्या घरी मंगळ, मूळ नक्षत्र, विषयोग असली नावं मुलांना चिकटली आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

सासूबाईंना नातवासाठी दुसरं एक काम द्या. आजोबांच्या शाळेतल्या गोष्टी त्याला सांगायच्या. मास्तर पोरांना कसे शिकवायचे, घंटा कोण वाजवायचं, पावसात छत कुठे गळायचं. बोलायला उशीर असलेल्या मुलाला रोज अर्धा तास कुणी समोर बसून गोष्ट सांगणं हे औषधासारखं आहे, आणि आजीलाही नवऱ्याचं नाव रोज घ्यायला मिळेल. गुरुपौर्णिमेला नातवाच्या हातून त्या शाळेला दहा-वीस गोष्टींची पुस्तकं द्या. धार्मिक काही केल्याचं समाधान सासूबाईंना त्यातही मिळेल.

पत्रिका फाडू नका. तुम्ही ती फाडलीत की सासूबाई दुसरी काढतील, आणि त्या वेळी घरात भांडण झालेलं असेल. त्यातलं पहिलं पान काढून घ्या. जन्मतारीख, वेळ, वार, नक्षत्र, आईवडिलांची आणि आजी-आजोबांची नावं असतात ते. ते बारशाच्या फोटोसोबत ठेवा, ज्यात तो सासऱ्यांच्या मांडीवर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. फलिताची पानं एका पाकिटात घालून चिकटवा, वर तारीख टाका आणि ते पाकीट यजमानांकडे द्या. कुणाला ती बघायचीच असतील तर मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर, त्याला विचारून.

कानाच्या तपासणीत काय निघालं ते मला नक्की कळवा. मी वाट बघते आहे.